उभ्याउभ्या मीटिंग

धर्मराजचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून त्यानं जालन्यात स्वतःचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं होतं, आणि येताना तिथली पद्धत सोबत आणली होती. रोज सकाळी उभ्याउभ्या बोलायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. दर पंधरवड्याला कामाचा एक तुकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा.

पहिलंच मोठं काम मिळालं ते वडीगोद्रीच्या तातेरावांच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं: गाड्यांच्या वजनकाट्यापासून हिशोबापर्यंत सगळं संगणकावर आणायचं. कापसाचा हंगाम तोंडावर आला होता. सकाळी ऑफिसातले तिघं, कौसल्या, मच्छिंद्र आणि शिवकन्या, समोर उभे राहत आणि धर्मराज एकेकाची उलटतपासणी घेई. "झालं का? मंग कधी होईल?"

"चालू आहे, सर." तिघांचं उत्तर एकच.

दुपारी त्याला काहीतरी नवीन सुचायचं. हिशोबाचं हे घालू, ते घालू. भिंतीवर कामाची आणखी एक चिठ्ठी लागायची आणि हातातलं सोडून सगळे तिकडं धावायचे.

वडीगोद्रीला पहिला तुकडा दाखवायला जायच्या आदल्या सकाळी मच्छिंद्र पुन्हा "चालू आहे" म्हणाला. कौसल्याला राहवलं नाही.

"कुठं चालू आहे? आठवडा झाला, याची काट्यावरची पावतीच छापून निघत न्हाई. काल रडकुंडीला आल्ता, तवा मला कळलं."

"मला का नाही सांगितलं?" धर्मराज ओरडलाच.

मच्छिंद्र खाली बघत म्हणाला, "सर, तुम्ही विचारता तवा हजेरी घेतल्यावानी वाटतं. अडलंय म्हणायची हिंमतच होत न्हाई."

"सर, राग आला तर येऊ द्या," कौसल्या म्हणाली, "पण आज तुम्ही बाहेर थांबा. आम्हाला एकमेकांशी बोलू द्या."

धर्मराज जिन्यात येऊन येरझारा घालू लागला. आत आधी वाद झाला, मग शिवकन्या हसली. त्याचा हात दाराकडं जायचा आणि मागं यायचा. शेवटी त्यांनीच आत बोलावलं. भिंतीवरच्या बऱ्याच चिठ्ठ्या उतरल्या होत्या.

"उद्या फक्त काट्याचं वजन आणि पावती दाखवायची," शिवकन्या म्हणाली. "तिघं मिळून तेवढंच करून राह्यलो. आणि सर, मधेच नवीन चिठ्ठी न्हाई."

त्याच्या तोंडाशी आलं होतं ते त्यानं गिळलं. "बरं."

दुसऱ्या दिवशी चौघं वडीगोद्रीला गेले. तातेरावांच्या काट्यावर ट्रॅक्टर चढला, वजन पडद्यावर आलं, पावती निघाली. तातेरावांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"एवढंच?"

"सध्या एवढंच, तातेराव." धर्मराज म्हणाला.

"पावती बराबर हाय. उद्यापासून वापरू. पण गाडी गेटात आली की तिथंच नंबर लागला पाहिजे. सगळी भांडणं गेटावर होतेत. हिशोबाचं मागून बघू, त्याची मला घाई न्हाई."

हिशोबासाठीच तर त्यानं सगळ्यांना पळवलं होतं. त्यानं गेटाचं तेवढं टिपून घेतलं.

परतताना गाडी चालवता चालवता त्याच्या डोक्यात गेटाच्या दहा कल्पना एकदम उठल्या. ओठांवर आलेली पहिली त्यानं दाबली.

"मच्छिंद्र, गेटाच्या कामात कुठं अडेल असं वाटतं?"

मच्छिंद्र आधी चाचरला, मग मोकळा झाला. अंबड आलं तरी तो बोलतच होता. कौसल्या मधेमधे त्याला खोडून काढत होती. धर्मराजची बोटं स्टिअरिंगवर ताल धरून होती, पण तो ऐकत होता.