भिंतीत राहिलेला ओळंबा

मित्रांनो, मला बघून तुम्हाला वाटेल, हा कसला जुना गंजलेला भोवरा. भोवरा नाही आणि गंजलेला तर मुळीच नाही. मी पितळेचा ओळंबा आहे. भिंत सरळ उभी आहे की नाही, एवढंच मी सांगतो. गोड बोलणं मला जमत नाही. दोरीला बांधून सोडलं की मी सरळ खाली बघतो, मग समोरची भिंत कुणाचीही असो.

मला थोरल्या मिस्त्रींनी घडवून घेतलं. गवंडीकामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. विटा हौदात बुडवायच्या आणि बुडबुडे थांबल्याशिवाय बाहेर काढायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. भिंत कमरेएवढी झाली की त्या दिवसाचं काम बंद, मग घरमालक कितीही कुरकुरू दे. थोडे थर चढले की मला भिंतीपाशी सोडायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. मी नाही म्हटलं की वरचा थर उतरलाच म्हणून समजा. मजूर तोंड वाकडं करायचे. तेव्हा मिस्त्री म्हणायचे, "मला काय विचारता? त्याला विचारा." तो म्हणजे मी. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटायचा.

थोरले मिस्त्री गेले आणि त्यांची हत्यारं मुलाकडे आली. धाकटा मिस्त्री आळशी नव्हता. हाताला वेग होता, बोलणं लाघवी होतं, एकाच वेळी तीन-चार ठिकाणी कामं चालू असायची. पण त्याच्या तोंडात एक वाक्य बसलं होतं. वीट तिरकी लागली, "प्लास्टरमध्ये निघून जाईल." कोपरा हुकला, "प्लास्टरमध्ये निघून जाईल." पिशवीच्या तळाशी पडून मी ऐकत राहायचो. मला कोण विचारतो?

मग ते घर आलं. तिथे घरातल्या आजींची खोली नीट करून द्यायची होती. बाहेरच्या भिंतीवरून पाण्याचे पाइप गेले होते. ते दिसू नयेत म्हणून त्यांच्या पुढे एक पातळ भिंत घालायची, मध्ये थोडी पोकळी ठेवायची, असं ठरलं. धाकट्याने वरच्या तुळईला खिळा ठोकला आणि मला त्या पोकळीत सोडलं. पहिले थर त्याने माझ्याकडे बघून लावले, छान लावले. तेवढ्यात दुसऱ्या कामावरून फोन आला. तिथली माणसं खोळंबली होती. मग काय, विटा कोरड्याच लागल्या. कोपऱ्यात त्या जुन्या भिंतीत गुंतवायच्या असतात, तेही राहिलं. भिंत एका दिवसात तुळईला भिडली आणि मी आतच राहिलो. मला काढायचं तर भिंत फोडावी लागली असती.

संध्याकाळी आजींनी दारातूनच विचारलं, "ओळंबा लावला होतात ना हो?"

"लावलाय की आजी. आत लटकतोय."

बिचाऱ्या आजी हसल्या. आणि तो खोटंही बोलला नव्हता.

प्लास्टर चढलं, रंग लागला. खोली किती छान झाली म्हणून शेजारपाजारचे बघून गेले. भिंतीवर उंच फळी ठोकली, तिच्यावर जड ट्रंका चढल्या, खाली आजींचा पलंग आला. आत मिट्ट काळोख होता आणि एक पाइप ठिबकत होता. भिंत आणि मी, आमच्यात दोन बोटांचं अंतर होतं. ते कमी होऊ लागलं. मित्रांनो, मी जागचा हलत नाही. भिंत माझ्याकडे येत होती. खाली तिला पोट सुटत होतं आणि वरचा भाग ट्रंकांसकट आजींच्या खोलीत झुकत होता. काळोखात काहीतरी आपल्याकडे सरकतंय आणि ओरडायला तोंड नाही, कल्पना करून बघा. मला फार भीती वाटायची.

एका दुपारी ती मला टेकली. रस्त्यावरून ट्रक गेला, दोरी थरथरली आणि माझं टोक विटेवर आपटलं. टक्.

आजींची सून दचकली. उंदीर असेल, म्हणून आजींच्या मुलाने उडवून लावलं. पण ट्रक येतच राहिले आणि मी ठोकतच राहिलो. सून त्या खोलीत पाऊल टाकायला घाबरू लागली. आजी मात्र घाबरल्या नाहीत. त्यांचे यजमान हयात असताना चहा हवा झाला की पलीकडच्या खोलीतून काठीने भिंतीवर असंच ठोकायचे म्हणे. आजी माझ्या टकटकीला उत्तर देऊ लागल्या. "आले हो," म्हणायच्या. एके दिवशी त्यांनी पलंग ओढून भिंतीला अगदी चिकटवला.

अहो, मी त्यांना दूर व्हा म्हणत होतो! मी जितकं ठोकावं, तितक्या त्या जवळ येत होत्या.

शेवटी सुनेने धाकट्या मिस्त्रीलाच बोलावलं. तो आवाज तेवढा बंद करा, म्हणाली. त्याने पलंग बाजूला घेतला आणि छिन्नीने हात जाईल एवढं भोक पाडलं. त्याचा हात आत आला आणि मला लागताच थांबला. मग त्याने मोबाइलचा उजेड वर टाकला. तुळई आणि भिंत यांच्यामध्ये लांबच लांब फट पडली होती. ट्रंकांमुळे ती खोलीतून दिसत नव्हती. त्याने उजेड फटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. मला वाटलं, आता बोलेल. थोरल्याचा मुलगा आहे, बोलेलच.

"जुना ओळंबा राहिला होता, वहिनी," तो म्हणाला. सगळे हुश्श करून हसले.

आजी हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "भिंत बरी आहे ना रे?"

त्याची मूठ माझ्याभोवती आवळली. 

"बरी आहे, आजी."

त्याने दोरी कापली, भोक बुजवलं, स्टुलावर चढून ट्रंकांमागची फट पुट्टी भरून गुळगुळीत केली. ट्रंका उतरवा, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. सुनेने पलंग होता तिथे सरकवला.

आता मी त्याच्या घरी कपाटात असतो. परवा तो जेवत असताना आजींच्या सुनेचा फोन आला. आवाज गेला, फार बरं झालं, म्हणाली. आई तेवढ्या दिवसभर भिंतीला कान लावून पडलेल्या असतात. "बरं, वहिनी," म्हणून त्याने फोन ठेवला आणि ताटावरून उठला.

मित्रांनो, त्या घराचा पत्ता मला ठाऊक नाही. मला फक्त वर आणि खाली कळतं. म्हणून तुम्हा सगळ्यांनाच हात जोडून विनवतो. दोरीला एखादी किल्ली बांधा आणि आपल्या घरातल्या भिंतीपाशी सोडून बघा. भिंत कललेली दिसली, तर रंगाचा डबा उघडू नका. आधी पलंग सरकवा. आजी नको म्हणतील. पुन्हा कुणीतरी ठोकेल म्हणून त्या वाट बघत असतील. त्यांचा हात धरा आणि त्यांना तिथून उठवा.