भुंगेऱ्यांनी निवडलेला दुधी

कृषी महाविद्यालयाच्या जाळीघरात पानांवरची भोकं मोजता मोजता ती थबकली. एकाच पाकिटातल्या बियांचे चाळीस वेल, माती तीच, पाणी तेच. पण तांबड्या भुंगेऱ्यांनी त्यातल्या तीनच वेलांची पार चाळण केली होती. शेजारच्यांना साधा ओरखडा नव्हता.

“यातला दुधी कापून जिभेला लाव,” प्रयोग बघणाऱ्या बाई म्हणाल्या. “नुसता लाव हं, गिळू नकोस.”

तिने लावला आणि लगेच थुंकून टाकलं. तीनदा चूळ भरली तरी कडवटपणा हलेना.

“वाटलंच. आईवेलीवर कुठून तरी रानदुधीचा पराग पडलाय. सगळ्या बियांत नाही, पण या तीन वेलांत त्याचा कडूपणा उतरलाय. दुसरे किडे असल्या कडूला तोंड लावत नाहीत, हे भुंगेरे मात्र नेमके तेच हुडकत येतात. त्यांना पचतं, माणसाला नाही. पेलाभर रस जिवावर बेतू शकतो.”

सुरी टाकून तिने घरी फोन लावला.

त्याच पाकिटातल्या चार बिया तिने घरी गच्चीत लावल्या होत्या. एका वेलाची पानं अशीच जाळीदार झालेली. त्याचाच दुधी आज सकाळी सासऱ्यांनी कौतुकाने तोडला होता. “सूनबाई, किड्यांनी पसंत केलाय, म्हणजे माल चोख! अकराला रस काढतो.” आणि हे शहाणपण त्यांना शिकवलं कुणी? तिनेच. बाजारातल्या पाल्याला भोकं असली तर फवारणी कमी, असं जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

अकराला दहा मिनिटं कमी होती. घरचा फोन नुसता वाजत राहिला. सासरे मिक्सर लावला की कुणाचं ऐकत नसत. एरवीही फारसं ऐकत नसत. समोर आली ती गाडी थांबवून ती बसली. घाईत पत्तासुद्धा तिला दोनदा सांगावा लागला.

सासरे स्वयंपाकघरात उभे होते. हातातला पेला अर्धा रिकामा.

“बाबा, ठेवा तो!”

“अगं, घर कशाला डोक्यावर घेतेस? कडू आहे जरा, पण औषध कधी गोड असतं का?”

“औषध नाही ते, विष आहे! थुंका!”

“आता काय थुंकू? गेलं पोटात.” ते हसले, मग हसता हसता ओट्याला धरून वाकले.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांना चार उलट्या झाल्या, शेवटची रक्ताची. उरलेला रस तिने बाटलीत भरून आणला होता. डॉक्टरांनी तो हुंगला, घसरलेला रक्तदाब बघितला आणि ते सलाईन लावायला धावले. नवऱ्याला फोन करायचा होता, पण काय म्हणायचं? तुझ्या बाबांना मी...

तीन तास ती खाटेची दांडी धरून उभी होती.

“चढतोय रक्तदाब,” शेवटी नर्स म्हणाली. “धोका टळल्यासारखा वाटतोय. बसा आता, ताई.”

सासऱ्यांनी डोळे किलकिले केले. “सूनबाई, खाट पळून जाणार नाही गं. सोड तिला.”

तिने सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेचनात.