हंड्यातलं वरचं पाणी

सम्मेदनं वडिलांना काही विचारावं असा प्रसंग गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता. त्यामुळे त्यानं कराडहून फोन करून "आण्णा, एक हिशेब काढून ठेवा" असं म्हटलं, तेव्हा धन्यकुमार खुर्चीत सावरून बसले.

हिशेब पाण्याचा होता. सम्मेदला सांगलीत नवी नोकरी लागली होती. बिऱ्हाड सांगलीत फ्लॅट घेऊन करायचं, की जवळच्या गावी वडिलांकडे यायचं, एवढंच ठरायचं होतं, आणि ते अडलं होतं परसातल्या विहिरीवर. विहिरीचं पाणी जड. साबणाला फेस नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, तोट्यांवर पांढरी खपली धरलेली. सून रूपाली कोयनेच्या पाण्यावर वाढलेली. इथं चार दिवस राहिली की तिचे केस केरसुणीसारखे होत. ती कुरकुरत नसे. पाचव्या दिवशी बॅग भरत असे, एवढंच.

"पाणी मऊ करायचं मशीन बसवू," सम्मेद म्हणाला. "सॉफ्टनर म्हणत्यात. घ्यायचं काय ते मी बघतो. पुढं चालवायला काय लागतंय ते तुमी काढा. लय खर्चाचं असलं तर मग फ्लॅटच बरा."

"बरं," धन्यकुमार म्हणाले. 'तुम्ही या' असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात हळू आवाजात बोललेल्या माणसाला असली वाक्यं वेळेवर सुचत नाहीत. पत्नी पद्मावती होती तेव्हा असलं सगळं तीच बोलायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

दोन दिवसांनी मशीन विकणारा साईराज आला. पोरगेला, तोंडाळ, सांगलीचा. ओसरीवर बसून त्यानं यंत्राचं पोट उलगडून सांगितलं. आत बारीक मणी असतात, ते पाण्यातला चुना धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे, आणि ते खारट पाणी बाहेर सोडून द्यायचं. वीज नावाला. खरा खर्च मिठाचा आणि धुण्याच्या पाण्याचा.

"पाणी जेवढं जड, तेवढं मीठ जास्त. काका, तांब्याभर पाणी द्या, आत्ता बघू."

धन्यकुमार आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. साईराजनं त्यातलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, गुलाबी केलं, आणि ते निळं होईपर्यंत दुसऱ्या बाटलीतलं औषध थेंब थेंब टाकत राहिला. जितके थेंब, तितकं पाणी जड.

"काका, तुमी तर म्हणत होता लय जड. एवढं काय न्हाई," तो म्हणाला. "महिन्याला मिठाचं एक पोतं. तेबी पुरून उरंल."

धन्यकुमारांना हायसं वाटलं. आपण उगीचच पाण्याला नावं ठेवत होतो की काय, असंही वाटलं. त्यांनी मीठ, पाणी, वीज मांडून हिशेब केला, पुन्हा तपासला आणि सम्मेदला कळवला. रविवारी सम्मेद आणि रूपाली आले ते मापं घेण्याची टेप घेऊनच. चार वाजता साईराज आगाऊ रक्कम न्यायला येणार होता.

दुपारी रूपाली पद्मावतीच्या खोलीत पडद्यांची मापं घेत होती. सम्मेद टेपचं टोक धरून, "सरळ धर म्हणतीयास, पण भिंतच वाकडी हाय," असा वाद घालत होता. कैक दिवसांनी घरात माणसांचे आवाज होते. धन्यकुमार स्वयंपाकघरात हंडा घासायला बसले.

हे पद्मावतीचं काम. ती रोज सकाळी विहिरीचं पाणी दुपदरी कापडातून गाळायची. कापडावर राहिलेले बारीक जीव स्वच्छ पाण्यानं खळखळून परत त्याच विहिरीत सोडायची. त्यासाठी तिच्याकडे बुडाशी कडी असलेली छोटी बादली होती. ती पाण्याला टेकल्यावरच कलंडायची, वरून पाणी आदळायचं नाही. मग गाळलेलं पाणी हंड्यात उकळायचं, आणि घरात प्यायला, पाहुण्याला द्यायला तेच. तिच्यामागे धन्यकुमारांनी हे सगळं चालू ठेवलं होतं. जैन धर्म म्हणून किती आणि तिची घडी मोडवत नाही म्हणून किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

हंड्याच्या तळाशी पांढरा थर बसला होता. चिंचेच्या कोळानं तो फुसफुसून सुटायला लागला. पद्मावती म्हणायची, "एवढा दगड पोटात गेला असता आपल्या." धन्यकुमारांचा हात थांबला.

साईराजला त्यांनी पाणी दिलं होतं ते या हंड्यातलं. बाहेरचं माणूस पाणी मागतं म्हटल्यावर गाळून उकळलेलं द्यायचं, हे हातालाच माहीत. विहिरीचं कच्चं पाणी द्यावं असं मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि नळीत दिसायला हवा होता तो चुना उकळताना इथं तळाशी बसला होता.

पलीकडच्या खोलीत रूपाली हसत होती. धन्यकुमार तसेच बसून राहिले. कदाचित आपलंच चुकत असेल. रसायनशास्त्र आपण वाचलेलं, शिकलेलं थोडंच. आणि एकदा मशीन बसलं, ही दोघं राहायला आली, की दोन पोती काय आणि तीन काय. कोण परत जातंय? हा विचार आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते हात पुसत खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सम्मेद, हिशेब चुकलाय माझा."

त्यांनी सगळं सांगितलं. सम्मेद आधी हसला, मग त्यानं हातातलं टेपचं टोक सोडलं. रूपालीनं एका खिडकीचं माप घेतलं होतं, दुसरीचं राहिलं होतं. तिनं टेप गुंडाळून खाटेवर ठेवली. ती टेप धन्यकुमारांना दिसत राहिली.

धन्यकुमारांनी हंडा घासून गाळलेलं पाणी पुन्हा उकळून निवत ठेवलं, तोवर चार वाजले आणि साईराज आला. या वेळी सम्मेदनं स्वतः विहिरीतनं पाणी शेंदून आणलं. साईराज थेंब टाकत राहिला. गुलाबी रंग जाईना.

"काका," तो शेवटी म्हणाला, "ह्ये पाणी न्हाई, पातळ फरशी हाय. अडीच पोती तरी धरा महिन्याला. आन् मणी सारखं धुवायचं म्हंजे खारं पाणीबी तेवढंच. विहिरीच्या अंगाला सोडू नका बरं, न्हाईतर हीबी खारी हुईल."

धन्यकुमार म्हणाले, "मग फ्लॅटचंच बघा. मी काय, हाय इथं." आवाज एरवीपेक्षाही हळू आला.

रूपाली स्वयंपाकघराच्या दारातून हंड्याकडे बघत होती.

"मामा, मी नवी नवी आले तवा आत्या मला न्हाणाला ह्या हंड्यातलं वरचं पाणी काढून द्यायच्या. खालचं ढवळू द्यायच्या न्हाईत. मला वाटायचं, सुनेला शिस्त लावायल्यात. तवा माझं केस चांगलं राहायचं. आत्या गेल्यापासनंच बिघडाय लागलं."

धन्यकुमारांना हे ठाऊक नव्हतं. पहाटे चुलीपुढे बसून, सून उठायच्या आत तिच्यासाठी वेगळं पाणी निवत ठेवणारी पद्मावती त्यांच्या डोळ्यांपुढे आली. तेव्हा ते आतल्या खोलीत वाचत असायचे.

"सगळ्या घराला कशाला मऊ पाणी?" रूपाली सम्मेदला म्हणाली. "फरशी पुसायला आन् झाडांना हायच की विहीर. प्यायला, डाळीला हंडा. मशीन न्हाणीपुरतंच बसवू, बारकं. काय हो, किती मीठ लागंल?"

साईराजनं डोकं खाजवलं. "पोतं दीड महिना जाईल. पर वैनी, माझं मोठं गिऱ्हाईक घालवलंसा."

"आण्णांनी घालवलं, एका तांब्यात," सम्मेद म्हणाला. "आन् खारं पाणी?"

"रस्त्याकडंच्या गटारीला पाईप काढू," धन्यकुमार म्हणाले. "विहिरीपासनं लांब. मी पुन्यांदा मांडतो सगळं. हंड्याचा गॅसबी धरतो."

"मांडा," सम्मेद म्हणाला. "पर ह्या खेपेला पाणी कच्चं घ्या."

निघताना साईराजनं प्यायला पाणी मागितलं. धन्यकुमार तांब्या घेऊन उठले, हंड्यापाशी क्षणभर घुटमळले, आणि न ढवळता, वरचं पाणी भरून आणलं. साईराजनं तांब्यात डोकावून बघितलं आणि हसत तो रिकामा केला.

आतून रूपालीची हाक आली. "मामा, ह्यांना सरळ धरता येत न्हाई. दुसऱ्या खिडकीला टेप धरता का जरा?"

धन्यकुमारांनी ओले हात धोतराला पुसले आणि ते आत गेले.