झेंडूला बी धरू द्यायचं नाही

माझे सासरे घड्याळजी. दुकान त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हवाली केलं, पण टोल्यांचं घड्याळ दुरुस्तीला आलं की त्याला हटकून चहा आणायला पाठवायचे. ती विद्या काही हातातून सुटत नव्हती. नवरा चाळिशीला टेकला. चहाच्या टपरीवाल्याशी मात्र घट्ट मैत्री झाली.

आमच्या डोंगरावरच्या गावात दव गोठवणारी थंडी पडू लागली तशा सासऱ्यांनी दोन कुंड्या घरात आणल्या, झेंडू आणि जिरेनियम. माझ्या शिलाई मशीनची खिडकी गेली ती गेलीच. रोपवाल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, झेंडू एका हंगामाचा. बी धरलं की त्याचं काम संपलं, मग पाळण्यात घालून जोजवला तरी वाळणार. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. बी धरलं तर ना? फूल जरा कोमेजलं की घड्याळाच्या चिमट्याने खुडलंच. झेंडू बिचारा पुन्हा कळी काढायचा. त्यावरची मावा कीड माझ्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांवर मुक्कामाला आली.

एके दिवशी नवऱ्याने तोंड उघडलं. शिकवणार नसाल तर मी दुसरीकडे नोकरी धरतो, म्हणाला. सासरे बघू म्हणाले आणि चिमटा घेऊन खिडकीशी गेले. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, धरू द्या त्याला बी."

"आणि मग?" ते वळलेसुद्धा नाहीत. "सगळं देऊन टाकलं की संपलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी जिरेनियमची कुंडी पुढे ओढली.

"याने उन्हाळ्यात बी दिलं, तरी जिवंत आहे. बाई म्हणाल्या, हे मुळात वर्षानुवर्षं जगणारं. लोक याला थंडीत बाहेर टाकतात, म्हणून एका वर्षात मरतं."

त्यांनी चिमटा खाली ठेवून जिरेनियमच्या उघड्या काटक्या चाचपल्या. मग हळूच म्हणाले, "तुम्ही मला बाहेर नाही ना टाकणार?"

मी नाही म्हणाले. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी टोल्यांचं घड्याळ मुलापुढे उघडलं. स्प्रिंग चुकीची धरली म्हणून संध्याकाळपर्यंत त्याला गाढव, बैल, सगळं म्हणून झालं. दिवसभर शिव्या खाऊन नवरा इतका खूश होऊन घरी आलेला मी कधी पाहिला नव्हता.