संदर्भ हवा

"पुन्हा वाच," भिंत म्हणाला.

मुलीने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि स्वतःचा चष्मा रोज घरी विसरायची. "'अंतिम सामन्यात त्यांनी पैसे घेऊन दोन गोल सोडले, असे म्हटले जाते.' पुढे बारीक अक्षरात, 'संदर्भ हवा'."

"म्हणजे काय?"

"म्हणजे याला अजून कुणी पुरावा दिलेला नाही. कुणाकडे असला तर द्यावा."

"लिहिलं कुणी?"

"कुणीही लिहू शकतं, बाबा. इंटरनेटवरचा ज्ञानकोश आहे तो. लिहिणाऱ्याला ना नाव ना गाव."

भिंत मैदानाच्या कडेला सुतळी गुंडाळत बसला होता. गोलपोस्टमध्ये उभा राहायचा तेव्हा हे टोपणनाव पडलं आणि पुढे बायकोही त्याला त्याच नावाने हाक मारू लागली. खेळ सुटल्यावर क्लबने त्याला त्याच मैदानावर फक्की मारायच्या कामाला ठेवलं. सुतळी ताणायची, चुन्याची गाडी तिच्या कडेने ढकलायची, सामन्याआधी रेषा उजळायच्या. गोलरेषा तो सगळ्यात शेवटी मारायचा. तिच्यावर कुणाचा पाय पडलेला त्याला खपत नसे.

उत्तरेकडे नवा स्टँड उभा राहत होता. "तुमचंच नाव द्यायचं चाललंय," असं सचिवांनी त्याला बोलावून सांगितलं होतं. भिंतने ते फक्त मुलीला सांगितलं. मुलीने चष्म्याच्या अख्ख्या दुकानाला सांगितलं. आणि काल सचिवांनी पुन्हा बोलावलं.

"एका सदस्याने तुमचं पान उघडून दाखवलं हो सगळ्यांना. माझा तुमच्यावर विश्वास आहे, तो प्रश्नच नाही. पण पाटी एकदा लागली की काढता येत नाही. मीटिंगच्या आत तेवढी ओळ काढून घ्या, म्हणजे झालं."

ओळ कशाबद्दल होती ते भिंतला ठाऊक होतं. त्या सामन्याच्या सकाळी सराव करताना त्याच्या उजव्या हाताची करंगळी मोडली. ड्रेसिंग रूममध्ये तिघेच होते: तो, कोच आणि राखीव गोलकीपर, ज्याला सगळे बदली म्हणायचे. बदलीने पट्टी बांधली, करंगळी शेजारच्या बोटाला जखडून टाकली. कोचने वर हातमोजा चढवायला लावला. "बाहेर चकार शब्द काढायचा नाही. समोरच्यांना कळलं तर सगळे उजवीकडेच मारतील." मग बदलीकडे न बघता तो म्हणाला, "मोडलेली भिंतसुद्धा बदलीपेक्षा बरी."

दोन्ही गोल उजवीकडूनच गेले. करंगळी वाकडी जुळली. कोच केव्हाच वारला. चकार शब्द काढायचा नाही हे भिंतने घराबाहेर जन्मभर पाळलं, कारण नंतर कुणी विचारलंच नाही.

मुलीने जेवणाच्या सुट्टीत ती ओळ पुसून टाकली. सुट्टी संपायच्या आत ओळ परत आली. पुसण्याला हरकत घेणाऱ्याने आपलं नाव 'काटेकोर' असं ठेवलं होतं. पानाच्या मागे चर्चेची जागा होती, तिथे त्याने लिहिलं: 'कारण न देता मजकूर काढू नये.'

मुलीने कारण दिलं: 'हे खोटं आहे. मी त्यांची मुलगी आहे.'

'म्हणजे आपले हितसंबंध आहेत. कुटुंबीयांनी या पानात बदल करू नयेत.'

'मग स्वतः बाबा लिहितील.'

'व्यक्तीने स्वतःबद्दल सांगितलेले ग्राह्य नाही. प्रकाशित, स्वतंत्र स्रोत हवा.'

"बोटाचा फोटो पाठव त्याला," भिंत म्हणाला आणि चुन्याचा हात विजारीला पुसून पुढे केला. मुलीने फोटो पाठवला. उत्तर सभ्य होतं. काटेकोरचं एकही उत्तर असभ्य नव्हतं.

'बोट वाकडे आहे हे दिसते. ते केव्हा आणि कशाने वाकडे झाले हे फोटोवरून सिद्ध होत नाही.'

"बरोबर बोलतोय मेला," मुलगी म्हणाली. मग तिने जरा चिडून टाइप केलं: 'आणि त्या आरोपाचा स्रोत कुठाय?'

'नाही. म्हणूनच तिथे "संदर्भ हवा" अशी खूण लावली आहे. खूण लावून महिनाभर वाट पाहण्याचा आमचा प्रघात आहे. तोवर कोणी स्रोत दिला नाही, तर ती ओळ मी स्वतः काढीन.'

भिंतला हे पटलं. "सरळ माणूस दिसतोय. थांबू या."

"मीटिंग त्याच्या आधी आहे, बाबा. थांबून काय, पाटीवर दुसऱ्याचं नाव वाचायचं?"

"मग?"

"प्रकाशित पाहिजे ना त्याला? प्रकाशित करू."

दुकानात एक बातमीदार चष्म्याचा नंबर बदलायला यायचा, क्रीडा पान बघायचा. मुलीने त्याच्या चष्म्यावर घसघशीत सवलत दिली आणि त्याला मैदानावर घेऊन आली. पोरगा मन लावून ऐकणारा होता. त्याने करंगळी बघितली, दोन्ही गोल कसे गेले ते उभं राहून समजून घेतलं.

"काका, तुमची बाजू मी मांडतो. फक्त दुजोरा द्यायला कुणीतरी पाहिजे. पट्टी बांधणारे आहेत ना अजून?"

"आहे की. ठणठणीत आहे. क्लबात पत्ते खेळतो."

बातमीदाराने तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"बोट?" पलीकडून बदलीचा आवाज आला. "कुठलं बोट?"

"अंतिम सामन्याच्या सकाळी यांची करंगळी मोडली होती, असं हे म्हणतात."

"असेल बुवा. इतकी वर्षं झाली. मी आपला बाकावरचा माणूस. बाकावरून गोलकीपरची करंगळी दिसते होय?" तो हसला. पोरगाही हसला.

मुलगी फोनकडे वाकली. "काका, मी बोलतेय. पट्टी तुम्हीच बांधली होतीत ना? बाबा नेहमी सांगतात, बदलीसारखी पट्टी डॉक्टरलासुद्धा जमायची नाही."

पलीकडे पत्ते पिसल्याचा आवाज आला.

"बेटा, मी तेव्हा कुणाकुणाला पट्ट्या बांधल्या, सगळं कुठे लक्षात राहतंय? बाबांना म्हणावं तब्येत सांभाळ."

फोन बंद झाला. भिंतने चुन्याच्या गाडीचं चाक उगाच फिरवून बघितलं. "वय झालं त्याचं," तो म्हणाला. तो बदलीपेक्षा दोन वर्षांनी मोठा होता.

बातमी रविवारी आली. पोरगा दिलेल्या शब्दाला जागला होता. त्याने मोडलेल्या बोटाबद्दल लिहिलं, कोचची सूचना लिहिली, भिंतचं म्हणणं जसंच्या तसं दिलं. तेव्हाच्या सहकाऱ्याला नक्की आठवत नाही, हेही लिहिलं, कारण तेही खरंच होतं. मथळा कचेरीत कुणी दुसऱ्याने दिला होता.

'मी सामना विकला नव्हता!'

आणि खाली, जरा लहान अक्षरांत: 'जुन्या लाचेच्या आरोपावर गोलकीपरने अखेर मौन सोडले.'

मैदानावर त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. सोमवारी बोलले. सरावाला येणारी पोरं, ज्यांचे बाप त्या सामन्याच्या वेळी जन्मलेही नव्हते, कुंपणाशी उभी राहून बघत होती.

"हाच का रे तो?"

"हाच. तेव्हा टीमला चुना लावला, आता मैदानाला लावतोय."

भिंतने सुतळी सोडली नाही. रेषा पुरी केली आणि मगच वर बघितलं. पोरं पांगली होती.

संध्याकाळी मुलीने पान उघडलं. 'संदर्भ हवा' हे शब्द गेले होते. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग तिने ओळ वाचली.

'अंतिम सामन्यात पैसे घेऊन दोन गोल सोडल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. त्यांनी तो फेटाळला असून, त्यांच्या सहकाऱ्याने दुजोरा देण्यास असमर्थता दर्शवली.' पुढे छोटासा आकडा होता. तो दाबला की रविवारची बातमी उघडत होती.

चर्चेच्या जागी काटेकोरने मुलीसाठी दोन वाक्यं ठेवली होती. 'आता प्रकाशित, स्वतंत्र स्रोत उपलब्ध झाल्याने खूण काढली आहे. सहकार्याबद्दल आभार.'

"काय म्हणतोय?" भिंतने विचारलं.

"आभार म्हणतोय."

"ओळ काढली?"

तिने मोबाइल उपडा ठेवला. "आपण काही केलं नसतं ना बाबा, तर महिन्याने त्यानेच काढली असती."

भिंतने जेवण अर्ध्यावर टाकलं नाही. ताट स्वच्छ केलं, उठून धुतलं. नळाखाली करंगळी नेहमीसारखी बाजूला राहिली, तिच्यावरचा साबण निघायला वेळ लागला.

सचिवांनी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं. "आधी ते इंटरनेटवर होतं. तिथे काय, कुणीही काहीही लिहितं, असं मी मीटिंगमध्ये म्हणू शकलो असतो. आता पेपरात आलंय हो. आणि तुम्हीच दिलंत."

"मी नाही म्हणालोय त्यात."

"तेच ना. नाही म्हणायची वेळ आली, हेच लोक वाचतात."

स्टँडला त्याच टीममधल्या कुणाचं तरी नाव द्यायचं ठरलेलं होतं. हयात असलेले तिघे. एकावर पोटगीचा खटला चालू होता. एक भिंत. उरला बदली. ज्ञानकोशात बदलीचंही पान होतं, दोन वाक्यांचं: तो त्या टीममध्ये होता आणि अंतिम सामन्यात खेळला नाही. दोन्ही वाक्यांना संदर्भ होते.

उद्घाटनाच्या दिवशी मुलगी दुकानातून आलीच नाही. भिंत उजाडल्यापासून मैदानावर होता. मधली रेषा झाली, पेनल्टी बॉक्स झाला, कोपरे झाले. उत्तरेकडची गोलरेषा तेवढी राहिली होती आणि तिच्या मागेच नव्या स्टँडवर बदलीचं नाव कापडाने झाकलं होतं.

बदली कडक इस्त्रीच्या कोटात आला. त्याच्यामागे सचिव आणि कॅमेरावाला. भिंतला बघून तो रेषा तुडवत सरळ मैदानात उतरला.

"अरे भिंत! हात अजून जराही हलत नाही की रे तुझा. काय सरळ मारतोस!"

"हात खराब होईल तुझा," भिंत म्हणाला. बदलीने हात पुढे केला होता.

"होऊ दे रे. आपल्यात काय?"

बदलीने त्याचा हात हातात घेतला आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं. घट्ट धरला. पण धरण्याआधी, खाली न बघता, त्याच्या तर्जनीने भिंतची करंगळी अलगद उचलून बाजूला केली आणि मग बाकीच्या बोटांवर मूठ आवळली. दुखरी जागा ठाऊक असलेला माणूस करतो, तसं.

भिंतने त्याच्याकडे बघितलं. बदली कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

"अजून एक," कॅमेरावाला म्हणाला.

अजून एक झाला. भिंतने हात सोडवून घेतला.

"जरा बाजूला हो," तो म्हणाला. "गोलरेषा राहिलीय."

बदलीने खिशातला रुमाल काढला आणि हात पुसत स्टँडकडे गेला. भिंतने एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सुतळी ताणली, बोटाने टिचकी मारून ती थरथरते का ते बघितलं आणि गाडी ढकलायला लागला. मागे कापड ओढल्याचा आवाज झाला, टाळ्या वाजल्या. तो अर्ध्यावर होता. मधे थांबलं की रेषेला गाठ पडते, म्हणून तो थांबला नाही.