तिसऱ्या मजल्याचं कॅल्क्युलेटर

मी एक कागदी प्लेट बोलतेय. पांढरी, स्वस्तातली, कडेला चुण्या असलेली. शंभर जणींच्या पुडक्यातून आले. आमचं आयुष्य वीस मिनिटांचं. वर पिझ्झा येतो, तेल उतरतं, मग कचऱ्याचा डबा. माझ्या बहिणी तशाच गेल्या आणि आज मला त्यांचा हेवा वाटतो. मी सात महिने जगतेय, कारण माझ्यावर कुणी जेवलंच नाही. माझ्यावर एका मुलीविषयी एक ओळ लिहिली गेली.

मिनेसोटातल्या आमच्या युनिव्हर्सिटीत डिसेंबरमध्ये, परीक्षांच्या आधी, होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर प्लेटांची बक्षिसं वाटतात. प्रत्येकाला एक प्लेट, प्लेटवर एक पदवी. ती दारावर चिकटवायची आणि वर्षभर मिरवायची. सगळे हसतात. न हसणारा खडूस ठरतो.

आमच्या मजल्याची प्रमुख होती ब्रिटा हल्वरसन, तिसऱ्या वर्षाची. चौतीस मुलामुलींची काळजी तिच्यावर. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, बोटांना चमकी लागलेली. समोर खालच्या मजल्याचा प्रमुख डेव्हन, तोंडात मार्करचं टोपण.

"कोल्टन?" ब्रिटाने यादीवर बोट ठेवलं.

"तो आइस हॉकीवाला? सारखा झोपलेला असतो. लिही, झोपेचा सम्राट."

"ओवेनला मी आधीच लिहून टाकलंय. फ्रिजचा उंदीर. माझं दही त्यानंच खाल्लं, शप्पथ."

मग तिने मला उचललं आणि तिचा हात थबकला.

"पाकू मुआ. तीनशे बारा नंबरची खोली. हिच्यावर काय लिहू रे? चार महिन्यांत मी तिच्याशी दोनदा बोललेय. दोन्ही वेळा कपडे धुण्याच्या मशीनबद्दल."

"कोण, ती चिनी?"

"चिनी काय? ह्मोंग आहे ती. ते लोक मूळचे लाओसचे. ती तर इथलीच, सेंट पॉलची."

"तेच ते. आशियाई म्हटल्यावर गणित लिही ना काहीतरी."

"ए, असं नाही लिहायचं. बरं दिसत नाही."

ब्रिटा वाईट मुलगी नव्हती. हे मी मुद्दाम सांगतेय. वाईट माणूस लांबून ओळखू येतो, त्याच्यापासून सावध राहता येतं. भल्या माणसाने हसत हसत केलेल्या नुकसानाला कुणी नुकसानच म्हणत नाही.

तेवढ्यात तिचा चेहरा उजळला. "अरे थांब! मंगळवार, गुरुवार मी तिला गणित मदत कक्षात बघते की! काचेतून दिसते. हातात पेन्सिल, समोर कुणीतरी मुलगा बसलेला. शिकवते ती तिथं."

"बघ. म्हणजे खरंच आहे. मग कशाला घाबरतेस?"

आणि माझ्या अंगावर निळी अक्षरं उमटली: 'तिसऱ्या मजल्याचं कॅल्क्युलेटर.' भोवती सोनेरी चमकी.

काचेपलीकडे खरोखरच दोघं बसायची. पण शिकवायचा तो मुलगा. पाकू तिथे शिकायला जायची. तिला कॅल्क्युलस येत नव्हतं आणि औषधशास्त्राला जायचं तर त्यात पास होणं भाग होतं. गणित सोडलं तर पोरगी हुशार होती. वनस्पतीशास्त्राच्या वहीत ती पानाच्या शिरा अशा काढायची की पान वहीवर गळून पडल्यासारखं वाटावं. ते ब्रिटाला दिसलं नाही, कारण ते ती शोधत नव्हती.

बक्षिसं वाटली तेव्हा पाकू उठून पुढे आली. टाळ्या पडल्या. तिने मला वाचलं, वर बघितलं आणि म्हणाली, "हे चुकीचं आहे. मला गणित जमत नाही."

आख्खी बैठकीची खोली हसली. "किती साधी आहे बघा!" कुणीतरी ओरडलं. तिचं एकदा सांगून झालं. मी मोजायला लागले ते तिथून.

जानेवारीत कॅल्क्युलसचा दुसरा भाग सुरू झाला. मी दारावर होते, त्यामुळे दारावरची प्रत्येक टकटक पहिल्यांदा माझ्या छातीत उठायची. कधी तिसरं गणित, कधी सातवं. कधी नुसतंच, "वीकएंडला काय करतेस? म्हणजे, शिकवशील का?" जेवायला ये, सिनेमाला चल, असं म्हणायला मात्र कुणी टकटक केली नाही. कॅल्क्युलेटरला सिनेमाला कोण नेतं?

एकदा कोल्टन आला. अंगाने कपाटाएवढा, केस ओले.

"पाकू, वाचव बाई. उद्या चाचणी आहे."

"कोल्टन, खरंच सांगते, मला पण हे येत नाहीये."

"हो ना! आणि मला स्केटिंग येत नाही."

तिचं दुसऱ्यांदा सांगून झालं. त्याच्याबरोबर ती दोन तास पुस्तकाशी झटली. उत्तर आलं नाही. "तू मुद्दाम मला करायला लावतेस ना? भारी शिकवतेस," असं म्हणून तो खूश होऊन गेला. तिच्या स्वतःच्या वहीतली गणितं तशीच राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिने मला दारावरून काढलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. मला वाटलं, सुटले. दोघीही सुटलो. पण संध्याकाळी ब्रिटा फेरीवर आली, दार मोकळं दिसलं आणि ती हळहळली. "कुणी काढली तुझी प्लेट? या मजल्यावर असा द्वेष मी खपवून घेणार नाही!" तिने सगळ्यांना निरोप पाठवला, सभा घेतली. शेवटी पाकूने खणातून मला काढून दिलं. "सापडली," म्हणाली. ब्रिटाने मला चारही बाजूंनी जाड चिकटपट्टी मारली आणि पाकूला मिठी मारली.

आता मदत कक्षाचं ऐका. पाकू दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहून मोठ्या बहिणीशी फोनवर बोलली, म्हणून मला कळलं.

"मी बसले होते गं. समोर तो शिकवणारा. तेवढ्यात आमच्या मजल्यावरची दोघं आली. म्हणतात कशी, 'अरे वा, आज तुझी ड्यूटी? आम्हालाही दाखव ना!' तो शिकवणारा माझ्याकडे बघायला लागला. मी काय करू? म्हटलं, माझी वेळ संपली. आणि उठून आले."

पलीकडून बहीण काहीतरी बोलली.

"नाही, परत नाही जाणार. कसं जाऊ? ती आता नेहमी येतात तिथं."

कॅल्क्युलेटर दुरुस्तीला आलंय, हे लोकांना दिसू नये म्हणून ते मोडूनच जायला निघालं. मला इतका संताप आला होता की कागद असून मी पेट का घेत नाही, असं वाटलं.

मदत कक्षात येऊ लागलेल्या त्या दोघांतला एक कोल्टन होता. झोपेचा सम्राट पहाटे पाचला बर्फावर सरावाला जायचा, म्हणून वर्गात पेंगायचा. कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तो दर गुरुवारी मदत कक्षात बसला, कुणाला नवल वाटलं नाही. हॉकीवाला तो, त्याला येत नसणारच. त्याच्या येण्याला लाज नव्हती. सत्राच्या मधल्या परीक्षेत त्याला अठ्ठ्याहत्तर पडले. पाकूला एकेचाळीस; इथे साठच्या खाली नापास.

ओवेनचं विचाराल तर त्याची प्लेट खरी निघाली. फ्रिजचा उंदीर तो होताच. मे महिन्यापर्यंत त्याने कुणाचं दही सोडलं नाही. मग काय म्हणायचं? चौतीसांत एखादी ओळ खरी निघाली की बाकीच्या तेहतीसही खऱ्या मानायच्या?

एप्रिलच्या शेवटी पाकू आपण होऊन ब्रिटाकडे गेली नाही. ब्रिटाच दारात आली, हातात खोल्या रिकाम्या करण्याची यादी.

"तू पुढच्या वर्षी परत येत नाहीस? यादीत नाव नाही तुझं."

"नाही. मी नापास झाले, ब्रिटा. कॅल्क्युलसमध्ये."

ब्रिटाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हसली.

"चल, काहीही! खरं सांग, कुठे मिळाला प्रवेश? मोठ्या ठिकाणी ना? आम्हाला सोडून चाललीस लबाडे!"

पाकू दाराच्या चौकटीला टेकली. "हो," म्हणाली, "असंच काहीतरी."

तिचं तिसऱ्यांदा सांगून झालं. त्यानंतर मी मोजणं सोडलं.

मे महिन्यात तिचे बाबा व्हॅन घेऊन आले. ते शाळेची बस चालवतात. गाद्या, उशा, भात शिजवायचं भांडं, सगळं त्यांनी दोन फेऱ्यांत खाली नेलं. तिसऱ्या फेरीला दारापाशी थांबले. त्यांना इंग्रजी बोलता येतं, वाचताना मात्र अडखळतात.

"हे काय गं? बक्षीस?"

पाकूच्या दोन्ही हातांत पुस्तकं होती. तिने मान हलवली. ती मान कुठल्या दिशेने हलली, हे मलाही नीट कळलं नाही. त्यांना हो वाटलं. त्यांनी नखाने चिकटपट्टी हळूच सोडवली, कड फाटू न देता, आणि मला व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर ठेवलं. पाकू मागे बसली.

सेंट पॉलला त्यांच्या घरी भिंतीवर भरतकाम केलेलं एक जुनं कापड आहे. आजोबा निर्वासितांच्या छावणीतून येताना घेऊन आले होते. त्याच्या शेजारी त्यांनी मला लावलं. येईल त्याला दाखवलं. बसच्या डेपोतल्या मित्रांना माझा फोटो पाठवला. पाकू "सुट्टी आहे" म्हणत राहिली.

जूनमध्ये एका दुपारी ते कांद्याची पात निवडत बसले होते. म्हणाले, "पोरी, लोक विचारतात. नीट वाचून सांग बरं यावर काय लिहिलंय."

तिने वाचून सांगितलं.

"म्हणजे तुला गणित येतं, असं?"

"नाही बाबा. येत नाही. मी नापास झाले. औषधशास्त्राला आता ते मला घेणार नाहीत."

पात निवडणारे हात थांबले. "मग त्यांनी हे का लिहिलं?"

"त्यांना मी तशी दिसले."

"तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. कुणी ऐकलं नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पातीची देठं गोळा केली आणि म्हणाले, "रविवारी मामा येतोय. लेकीला, शेंगला, घेऊन. त्याला सांगून झालंय माझं. तेवढा रविवार जाऊ दे. मग काढू."

रविवारी मामा आला. पोटभर जेवला, माझ्यासमोर उभा राहून त्याने मान डोलावली. त्याची मुलगी शेंग अठराची. ऑगस्टमध्ये त्याच युनिव्हर्सिटीत निघालीय. बाबा आणि मामा बागेतली काकडी बघायला बाहेर गेले तशी ती पाकूजवळ सरकली.

"ताई, एक सांगू? मला गणित मुळीच येत नाही. भीती वाटते."

पाकूने दाराकडे पाहिलं. मग घाईघाईने, दबक्या आवाजात म्हणाली, "मग पहिल्याच दिवशी सांग. सगळ्यांना सांग. मोठ्याने सांग. मलाही येत नव्हतं शेंग, मी त्यातच..."

शेंगने मान वर करून मला वाचलं. सोनेरी चमकी अजून थोडी शिल्लक आहे.

"तुझं बरं आहे गं ताई," ती म्हणाली. "तुला काय, तुला येतं."

पाकू उठली आणि ताटं उचलायला लागली.

तो रविवार गेला, त्यानंतरचे पाचही गेले. मी अजून भिंतीवर आहे. मला काढायचं कुणी पुन्हा बोललं नाही. माझी निळी शाई उन्हाने थोडी फिकट झालीय, पण लांबूनही वाचता येते. तुम्ही कधी या घरी आलात तर कृपा करून मला वाचू नका. खाली उतरवा, उलटी करा, माझ्यावर भात वाढून घ्या. मग पाकूसमोर बसा आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका.