होडीतली बाई कुणाकडे बघते

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही, म्हणून. डोंगरात कोरलेल्या त्या जुन्या दालनात तो अठ्ठावीस वर्षं लोकांना भिंतीवरची चित्रं समजावून सांगत होता. त्यातली एकोणीस वर्षं त्याची बायको त्याच दालनाच्या दाराशी, पुरातत्त्व खात्याचा गणवेश घालून, पहाऱ्याला बसत होती. घरी नवरा, कामावरही नवराच. "कान किटत नाहीत का गं तुझे?" तिकीट खिडकीवरची मैत्रीण विचारायची. ती नुसती हसायची. खरं सांगायचं तर, किटत नव्हते.

दालनातलं मुख्य चित्र होडीचं होतं. दहा माणसं वल्ही मारताहेत आणि टोकाशी बसलेली एक बाई मान वळवून मागे बघतेय. गोष्ट या बाईपाशी आली की रेडिओचा आवाज आपोआप खाली यायचा. तो डावा हात भिंतीला टेकवायचा, जरा थांबायचा आणि म्हणायचा, "सुटलेल्या किनाऱ्याकडे बघतेय ती. परत कधी दिसणार नाही ना, म्हणून." एवढ्यावर कुणी ना कुणी नाक ओढायचंच. दाराशी बसलेली त्याची बायकोही इतक्या वर्षांत त्या जागी कधी जांभई देऊ शकली नव्हती.

त्या वर्षी खात्याने भिंती तपासायला एक मॅडम पाठवल्या. वयाने लहान, बोलायला गोड, पण कामात काटेकोर. दीड महिना त्या दिवा आणि भिंग घेऊन भिंतीला डोळे लावून बसल्या आणि मग दारावर नवा नियम लागला. माणसांच्या श्वासाची वाफ भिंतीत मुरते, रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आत एका वेळी पंधराच जण, तेही सात मिनिटं. बोलणं नाही. गाइड आत नाही.

अकरा गाइड होते तिथे. सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"आतच जायचं नाही, तर आपल्याला कुत्रं तरी विचारेल का?" एक जण म्हणाला.

"सोमवारी फाटकात बसू," रेडिओ म्हणाला. "आपण आत नाही, तर कुणीच आत नाही."

घरी जेवताना तो बायकोला म्हणाला, "तू खात्याच्या नोकरीत. तू यात पडू नकोस."

"मी कुठे पडतेय?" ती म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली.

तिची काळजी वेगळीच होती. आठवड्यापूर्वी मॅडमनी तिला हाक मारून भिंतीवरचा एक काळपट डाग दाखवला होता. होडीच्या टोकापाशी, खांद्याच्या उंचीवर. "कुणीतरी वर्षानुवर्षं नेमका इथेच हात टेकवलाय," मॅडम म्हणाल्या होत्या. "इथला रंग साफ गेला."

डाग पंजाचा होता. चार बोटं पुरी आणि करंगळी अर्धी. हा हात तिने लग्नात हातात घेतला होता.

"गर्दी असते, मॅडम," एवढंच ती म्हणाली होती.

तेव्हा मॅडमनी साठ वर्षांपूर्वी कुणा चित्रकाराने करून ठेवलेली त्या भिंतीची नक्कल उलगडून दाखवली होती. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी शेवटचे लोक खाली उतरल्यावर तिने नक्कल मॅडमकडून मागून घेतली आणि नवऱ्याला वर बोलावलं. तो फुरंगटलेलाच आला.

"आता काय, मला एकट्याला सात मिनिटं?"

"अहो, या तरी."

तिने दिवा डागावर धरला. तो बघत राहिला. मग त्याने डावा हात उचलला आणि भिंतीला न लावता, चार बोटं अंतरावर धरला. पंजावर पंजा बसला. अर्ध्या करंगळीसकट.

"हे माझं?" त्याने विचारलं. इतक्या बारीक आवाजात तो कधी बोलला नव्हता.

तिने जमिनीवर नक्कल पसरली. तीच होडी, तीच दहा माणसं, तीच मान वळवलेली बाई. पण डागाच्या जागी, होडीच्या काठाला पोटावर ओणवलेली एक चिमुरडी होती. पाण्यात हात घालून खेळणारी. बाईची नजर सरळ तिच्यावर होती.

तो नकलेशेजारी खाली बसला.

"किनारा नाहीच," तो म्हणाला. "पोर पडेल म्हणून बघतेय गं ती. आणि मी अठ्ठावीस वर्षं..." त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "मी आलो तेव्हा तिथे काजळीत नुसता पुसट ठिपका दिसायचा. मीच पुसली तिला. हात टेकवून टेकवून."

ती त्याच्याशेजारी फरशीवर टेकली. "तुम्ही एकट्याने नाही. हात लावू नका म्हणायचा पगार मला मिळतो. सगळ्या जगाला म्हटलं, तुम्हाला कधी म्हटलं नाही."

"का नाही म्हटलंस?"

"तुम्ही हात टेकवायचात तेव्हा तुमची गोष्ट रंगात आलेली असायची. मी ऐकत बसायचे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाक ओढायची पाळी या वेळी त्याची होती. तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उजेड जाईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

सोमवारी सकाळी दहा गाइड फाटकात ठाण मांडून बसले होते. रेडिओ आला, पण बसला नाही. त्याने सगळ्यांना आपला हात दाखवला आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं भाषण. कुणी हसलं नाही.

"म्हणजे आम्ही उपाशी मरायचं?" त्यातला सगळ्यात तरुण गाइड भडकून म्हणाला. त्याच्या घरी तान्हं मूल होतं.

"तसं कोण म्हणतंय? भांडायचंच आहे. पण आत घुसण्यासाठी नाही."

तो तडक मॅडमकडे गेला. म्हणाला, आम्हाला खाली अंगणात सावली द्या आणि ही नक्कल भिंतीएवढी करून लावा. गोष्ट आम्ही तिथे सांगू. मग लोकांना वर पाठवा, डोळे भरून बघू द्या. ज्यांचे गुडघे पायऱ्या चढत नाहीत, त्यांनाही काही दिसेल.

"माझ्या एकटीच्या हातात नाही," मॅडम म्हणाल्या, "पण मी पाठ सोडणार नाही."

त्यांनी शब्द पाळला. तरी खात्याला हलायला चार महिने लागले, आणि तेही निम्मंच मिळालं. नक्कल लागली, छप्पर झालं. पण गाइडचे पैसे तिकिटातच धरा, ही त्यांची दुसरी मागणी बारगळली. तोवर तो तरुण गाइड कंटाळून शहरात ड्रायव्हर झाला. आणखी एकाने दुकान टाकलं. उरलेल्यांचं बरं चाललं, पूर्वीइतकं नाही. रेडिओला हे लागून राहिलं. तरुण गाइड कधी भेटला की तो त्याच्या मुलीची चौकशी करायचा.

होडीची गोष्ट तो आता नव्याने सांगतो. पोरीची आणि तिच्या आईची. वर पोचल्यावर ती पोर भिंतीवर दिसणार नाही, हे आधीच सांगतो, आणि का दिसणार नाही तेही. त्या वेळी तो हात मागे बांधून उभा असतो.

लोक वर जातात, तो खालीच राहतो. ती भिंत त्याने महिनोन्‌महिने पाहिलेली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता तो बायकोला विचारतो, "आज कसे होते लोक?"

तशी ती मितभाषी. पण आता सांगते. एक आजोबा चष्मा विसरले, तर नातीने आपला दिला. एका बाईने आत पाऊल टाकलं आणि बरोबरच्या मुलाचं मनगट घट्ट धरलं, सात मिनिटं सोडलंच नाही. दोन मित्र बघून झाल्यावर एकमेकांशी न बोलताच पायऱ्या उतरले.

"आणि ती मनगटवाली? जाताना काय म्हणाली?"

"काही नाही. दाराशी येऊन पुन्हा एकदा वळून बघितलं."

"कसं बघितलं?"

ती आठवून आठवून सांगते. तो मध्ये एक शब्द बोलत नाही.